दाक्षायणीचा गडी

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दाक्षायणीने संक्रांतीचं हळदीकुंकू मांडलं, ते काही वाण लुटायची हौस होती म्हणून नव्हे. तिला बालवाडी हवी होती. महिला मंडळाच्या अध्यक्षा काशम्मा पेठेत बालवाडी काढणार होत्या आणि त्यासाठी ऐसपैस ओसरी असलेलं घर आणि घरात शिकलेली बाई शोधत होत्या. दाक्षायणीकडे दोन्ही होतं. अडचण एकच होती, नवऱ्याची.

पंचाक्षरी एकाहत्तरच्या लढाईतून हातीपायी धड परत आला होता, म्हणून तर कुणाला त्याची कीव यायची नाही. सरहद्दीवर खंदक ढासळला आणि शेजारचा जवान सिद्धाप्पा जिवंत गाडला गेला. याने नखं निघेपर्यंत माती उपसली, पण हाती लागलं ते प्रेतच. तेव्हापासून मोठा आवाज झाला की हा जमिनीवर पालथा पडायचा आणि ओरडायचा. पलटणीने घरी पाठवलं. गावी, अक्कलकोटात, लोक मुद्दाम त्याच्या मागे डबे बडवायचे आणि पोट धरून हसायचे. शेवटी महिन्यापूर्वी दाक्षायणी त्याला घेऊन सोलापुरात आली, कारण इथं त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. इथं गिरण्यांचे भोंगे आहेत, हे त्या शहाणीच्या ध्यानातच आलं नाही.

तिचं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. झोपेत तो दचकला की ती त्याची पाठ चोळत बसायची. पण चार बायकांत तिला त्याची लाज वाटायची, आणि लाज वाटते याचीही लाज वाटायची. पेठेत तिने सांगून ठेवलं होतं की मालक पुण्याला नोकरीला आहेत. त्या दिवशी दुपारीच तिने त्याला विनवलं, की आतल्या खोलीत बसा, कानांत कापूस घाला, बायका जाईपर्यंत बाहेर येऊ नका. तो बरं म्हणाला. तो कधी नाही म्हणायचाच नाही, त्यामुळे तिला जास्तच अपराधी वाटायचं.

बायका आल्या. हळदीकुंकू लावून झालं, तिळगूळ वाटून झाला. काशम्मांनी ओसरी नीट बघून घेतली आणि सोमवारपासून मुलं पाठवायला हरकत नाही म्हणाल्या. दाक्षायणीचा जीव भांड्यात पडतोय तोच गिरणीचा भोंगा झाला. आत भांडी कोसळली आणि पाठोपाठ आरोळी आली, "आडवे व्हा!"

काशम्मांनी विचारलं, आत कोण आहे.

"गडी आहे आमचा," दाक्षायणी म्हणाली. "नवीन आहे. जरा घाबरट आहे."

बोलून गेली आणि मग तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. मधे नुसता कापडी पडदा होता. त्याने शब्द न् शब्द ऐकला असणार.

थोड्या वेळाने पडदा सरकला. पंचाक्षरी बाहेर आला तो धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, खांद्यावर फडकं टाकून. हातात पाण्याचा तांब्या आणि पेले होते, कोपर ताजं खरचटलेलं होतं. खाली मान घालून त्याने आधी काशम्मांना पाणी दिलं, मग एकेकीला देत दाक्षायणीसमोर आला.

"पानी घ्या, बाईसाहेब."

तिने पेला घेतला. आता धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण धरणी कुठली दुभंगायला! उलट बायकांना रंग चढला आणि सगळ्या तिच्या मागे लागल्या, की नवी बिऱ्हाडकरीण आहेस, नाव घेतल्याशिवाय सुटका नाही. एरवी ती नवऱ्याला 'अवो' म्हणायची. त्याचं नाव तिच्या तोंडी यायचं ते असं उखाण्यातच. तो तांब्या धरून पडद्याशी उभा होता. तिने जमिनीकडे बघत म्हटलं,

"तिळात मिसळला गूळ, हलव्याला आला काटा,
पंचाक्षरींच्या संसारात माझा निम्मा वाटा."

"हजर, साब!"

पंचाक्षरी टाचा जुळवून ताठ उभा होता. सगळ्या माना तिकडे वळल्या. हे माझे मालक, एवढंच म्हणायचं होतं. दाक्षायणीने तोंड उघडलंही. मग तिला सोमवार आठवला आणि तोंड तसंच उघडं राहिलं. तोवर त्यानेच मान खाली घातली.

"माजंबी नाव त्येच हाय, बाई," तो काशम्मांना म्हणाला. "चुकून ओ दिली."

बायका हसून हसून बेजार झाल्या. काशम्मांनी डोळे पुसत दाक्षायणीला समजावलं, की मालकाच्या नावाने गड्याला हाक कशी मारशील बाई, सोमवारच्या आत त्याला दुसरं एखादं नाव ठेव. दाक्षायणीही हसली. तेवढं तिला जमलं.

बायका एकेक करून बाहेर पडल्या. पंचाक्षरी ओसरीवर उकिडवा बसून पेले गोळा करत होता. चुकलं माझं, एवढं बोलायला ती जवळ गेली, पण आधी तोच बोलला. आवाजात टोमणा नव्हता. कामाचं विचारावं तसं त्याने विचारलं.

"मग काय नाव ठिवतीस माजं?"

दाक्षायणी मटकन खाली बसली आणि रडू लागली. रडताना तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला, कारण काशम्मा अजून दाराबाहेर चपला घालत होत्या.