फसफसत्या पाण्याचं गाऱ्हाणं

संगमेश्वराच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. शिमगा आटोपला की वाडीतले बाप्ये मुंबईची वाट धरत. त्या साली राहीचा नवरा गुणाजी मात्र जायचं नाव काढत नव्हता. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने त्याची छाती धरली होती. शिमग्याला येताना त्याने सोडावॉटर भरायचं हातयंत्र आणि गोटीच्या बाटल्यांचा खोका आणला होता. वाडीने सोडा प्यायला तर तो गावीच राहणार, नाहीतर पुन्हा गिरणी. राहीच्या डोक्यात दुसरा विचार नव्हता.

त्यांची लेक चिमा दिवसभर बाटल्यांभोवती घोटाळायची. गोटी आत दाबली की फट्, आणि मागून फस्स.

"बाबा, ह्याला सायेब काय म्हनतो?"

"फिझ."

"म्हंजे?"

"कान लाव बाटलीला, तीच सांगेल."

चिमाने कान लावला. आत बारीक बारीक काहीतरी कुजबुजत होतं.

"सायबानंबी असाच कान लावला असनार. ऐकू आलं तेच नाव ठेवलं. बोटीवरचे गोरे खलाशी मुंबैच्या बंदरात सोडा मागायला हेच ओरडत यायचे. त्यांच्यात लग्नाला भारी दारू असते, ती फसफसते म्हनून तीबी फिझ. एखादा मानूस लई चपळ असला, तर त्याच्या अंगातबी फिझ."

"आपन देवरूखच्या डाक्टरांच्या गाडीला फटफटी म्हनतो तसं?"

"अगदी तसंच."

"आनि आईच्या अंगात हाय फिझ?"

"तुझ्या आईच्या? गोटी उडंल इतकी!"

"अवो, पोरीला काय शिकवताय!" राही आतून म्हणाली, पण तिला हसू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिमग्यात घरोघर फिरणारी ग्रामदेवतेची पालखी त्यांच्या अंगणात आली. पालखी टेकली की शिवा गुरव घरच्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा आणि त्यानंतर खांदेकऱ्यांच्या हाती प्यायला काही द्यायचं, अशी रीत. गुणाजीला धीर कुठला! गाऱ्हाण्याआधीच त्याने बाटली फोडून पेल्यात ओतली. फेस काठावरून उतू गेला. खांदेकरी दोन पावलं मागे सरले.

"गुणाजी," वाडीचे प्रमुख, गावकर काशीराम गरजले, "देवाम्होरं माडी?"

"माडी नाय तात्या, सोडावाटर."

"फसफसतंय ते मना दिसत नाय काय? फसफसलं की माडी! म्हाताऱ्याला शिकवतोस?"

त्यांचंही चूक नव्हतं. झाडावरून उतरवलेली माडी सोडून आपणहून फेसाळणारं दुसरं पेय त्या वाडीने पाहिलंच नव्हतं.

"नाव काय ह्याचं?" शिवाने विचारलं. "नावाबिगर गाऱ्हाणं कसं घालू?"

"फिझ!" चिमा ठसक्यात म्हणाली. "सायबाच्या लग्नातल्या दारूलाबी तेच म्हनत्यात!"

झालं! अंगणात एकच गलका उठला. गुणाजी खाली बसून बाटल्या खोक्यात भरू लागला. राही त्याचे ते हात पाहत राहिली. आज हे हात बाटल्या भरतायत, उद्या ट्रंक भरतील.

ती तडक आत गेली आणि आंबोळीच्या पिठाचं भांडं घेऊन आली. पदर सावरून तिने ते काशीरामांपुढे ठेवलं.

"तात्या, हे काय करतंय?"

काशीराम वाकले. पिठावर बुडबुडे येत होते, फुटत होते.

"फसफसतंय," ते नाइलाजाने म्हणाले.

"मग ही माडी काय? तुमच्या घरी गोदाकाकूच्या हातच्या आंबोळ्या तुमी खाता. कधी झिंगलाव?"

"दुपारचे घोरतात ना, झिंगूनच!" एक खांदेकरी म्हणाला आणि सगळे फिस्सकन हसले.

"फसफसनं दारूचं नसतं तात्या, हवेचं असतं. पिठात आंबून हवा धरते, ह्यात यंत्रानं भरलीय. हवा भायेर पडताना जो आवाज झाला, तो आपल्या कानाला फस, सायबाच्या कानाला फिझ. पटत नसंल तर पेला ठेवा तसाच. माडी ठेवली तर चढते. हे ठेवलं तर उतरतं."

पेला पाटावर ठेवला. खांदेकऱ्यांनी पालखी खांद्यावर घेतली, ढोल वाजला, पालखी चांगली घोळून नाचली. पुन्हा टेकवून सगळे पेल्याभोवती जमले. फेस नाही, बुडबुडा नाही. विहिरीच्या पाण्यासारखं गपगार पाणी. काशीरामांनी पेला नाकाशी नेला, फिरवून फिरवून हुंगला.

"आंबूस वास नाय," ते पुटपुटले.

राहीने दुसऱ्या पेल्यात कोकमाचं आगळ आणि चिमूट मीठ घातलं. गुणाजीने त्यावर नवी बाटली फोडली. लालबुंद फेस वर आला. काशीरामांनी देवाकडे पाहून डोळे मिटले आणि घोट घेतला.

"नाकात गेलं रे!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी असा ढेकर दिला की कोंबड्या उडाल्या.

"घाल रे शिवा गाऱ्हाणं!"

शिवाने हात जोडले, साद द्यायला बाकीचे मागे उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, तुज्या लेकरानं मुंबैसून ह्ये फसफसतं पानी आनलंय..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या छातीला आराम पडू दे, आनि पुन्यांदा त्याला गिरणीची वाट दाखवू नको!"

"व्हय म्हाराजा!" बायका सहसा मोठ्याने साद देत नसत. राहीने दिली.

"तात्या," गुणाजी हळूच म्हणाला, "मोटार थांबते तिथं फणसाखाली यंत्र मांडलं तर चालंल?"

"त्ये मागनं बगू," काशीराम पेला पुढे करत म्हणाले. "आदी दुसरी फोड."