गॅलरीतली जाळी

लेकीने, मैत्रीने, जुनी घरं दाखवायची सहल काढली, आणि चिंचवडगावातल्या एका देखण्या वाड्यानंतर लोकांना थेट संत तुकाराम नगरमधल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी आणायचं ठरवलं, तेव्हा कस्तुराबाईंना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. लोक हसतील, असं त्यांनी बजावूनही पाहिलं. पण मैत्री कॉलेजात वास्तुकला शिकवते. कामगारांनी वसवलेल्या शहरात कामगाराचं घर हाच इतिहास, असं तिचं म्हणणं. आता शिकलेल्या लेकीपुढे आईने बोलायचं तरी काय?

पण पाहुणे येणार आणि घर आहे तसंच दाखवायचं, हे काही बाईंना जमणारं नव्हतं. आदल्या दिवशी मैत्री वाड्यावरची व्यवस्था बघायला गेली, तशी त्यांनी कंबर कसली. भांडी लखलखली, भिंती पुसून झाल्या. राहिली ती गॅलरीतली जाळी.

कंपनीत पत्र्यातून गोल चकत्या कापल्या की जो भोकाभोकांचा पत्रा उरतो, त्याची ती जाळी. मैत्रीचे वडील तो भंगारातून रीतसर विकत घ्यायचे, सायकलला बांधून आणायचे आणि शिफ्ट संपल्यावर कापत, जोडत बसायचे. बारीक भोकं कडेला, मोठी आत आणि मधोमध धम्मचक्र. शेजारी तिला चाळणी म्हणत. ते होते तोवर बाईही हसायच्या. ते गेल्यावर मात्र ही थट्टा जिव्हारी लागायला लागली. त्यांच्या कामाला परक्यांनी हसण्यापेक्षा ते दिसूच नये, म्हणून सहलीच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी जाडजूड मरून रंगाचा पडदा आणला आणि जाळी झाकून टाकली.

सकाळी त्याही सहलीच्या बसमध्ये बसल्या. वाडा बघून मात्र त्या हरखूनच गेल्या. काय ते सागवानी खांब, काय तो घडीव दगडाचा चौक! पायाला गार लागणारी ती फरशी त्यांना सोडवेना. वाड्याचे मालक नानासाहेब सगळ्यांना एका खांबाच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे सुताराच्या हत्याराचे वेडेवाकडे घाव होते.

"इथं त्याचा हात चुकलाय," नानासाहेब कौतुकाने म्हणाले. "आम्ही हे कधी झाकलं नाही. माणूस कळतो यातून. नाव तेवढं कुणालाच ठाऊक नाही, याचं वाईट वाटतं."

बाईंनी त्या घावांवरून बोट फिरवलं आणि त्यांना घरचा पडदा आठवला. आपण हे काय करून बसलो! पुढचं घर बघायला नानासाहेबही निघाले होते; बसमध्ये ते बाईंच्या शेजारी बसून गप्पा मारत होते. बाईंचं लक्षच नव्हतं.

बस थांबताच चहाचं निमित्त करून त्या पुढे पळाल्या. कुलूप उघडलं, पडदा ओढला. तो अडकला. मग पदर खोचून असा हिसडा दिला की पडदा दांडीसकट खाली आला.

आणि घरभर उन्हाचे गोल पसरले. भिंतीवर, भांड्यांवर, कॉटवर. फरशीच्या मधोमध चक्र. रोजचंच ऊन, पण बाई आज ते दारातल्या पाहुण्यांबरोबर बघत होत्या. कुणी हसलं नाही. चपला काढून, चक्रावर पाय पडू नये म्हणून सगळे कडेकडेने आत आले. नानासाहेब जाळीजवळ गेले आणि जोडांवरून हात फिरवत राहिले.

"कुणाच्या हातचं हे?" त्यांनी विचारलं.

मैत्री बोलणार होती, पण तिने आईकडे पाहिलं आणि थांबली. बाईंनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. आधी 'अहो', मग 'मैत्रीचे पप्पा', आणि ते गेल्यावर नुसतं 'हे'. त्यांच्या माहेरची रीतच तशी.

"किसन भालेराव," कस्तुराबाई म्हणाल्या.

दारात उभ्या असलेल्यांना ऐकू गेलं नसेल, असं वाटून त्यांनी ते आणखी एकदा, मोठ्याने सांगितलं.