तळ्याकाठचा पहिला नंबर

"हलू नका हो, कान हातात येईल! मग तोही पाकिटात घालू का?"

आमचे हे ओरडत होते आणि दुकानात हशा पिकत होता. दुकान म्हणजे आमचं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, एक आरसा आणि ह्यांची अखंड बडबड. त्या दिवशी दारापासून तळ्यापर्यंत रांग लागली होती, आणि एकालाही हजामत करून घ्यायची नव्हती! मोठ्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई आल्या होत्या. तळ्यातले मासे खाणाऱ्यांचे केस तपासायचे होते. मानेवरची एक बट अगदी मुळाजवळून कापायची, मुळाच्या बाजूला दोरा बांधायचा आणि पाकिटात घालायची. काम केवढंसं, पण ह्यांचा रुबाब काय सांगू! इस्त्रीचा शर्ट काय, चापूनचोपून भांग काय!

"केस म्हणजे एक नंबरचे चहाडखोर," हे जो येईल त्याला ऐकवत होते. "मुळाशी या महिन्याचं, त्याच्या पुढे गेल्या महिन्याचं. कधी काय खाल्लंत ते सगळं बाईंना कळणार!"

हे बाईंकडूनच ऐकलेलं, आणि तेही अर्धं. माशांतून अंगात कुठला धातू जातो, तो किती वाईट, ते बाई आत बसून समजावत होत्या तेव्हा हे रांगेतल्या भांडणात नाक खुपसायला गेले होते. मी चहाच्या आधणापाशी. 'धातू' एवढा एकच शब्द ह्यांच्या कानावर पडला. झालं! धातू म्हणजे लोह, लोह म्हणजे रक्त, रक्त म्हणजे ताकद. बाईंचं बोलणं रांगेपर्यंत पोचायचं ते ह्यांच्याच तोंडून. दुपारपर्यंत पैजा लागल्या, कोणाचा आकडा सगळ्यात मोठा येतो म्हणून.

"माझ्या लेकीची बरोबरी कोण करणार रे?" म्हणत ह्यांनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

लेकीला तेव्हा सहावा महिना. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर दिवस राहिलेले. सासर डोंगरापलीकडे, तिथं मासा बघायलासुद्धा मिळायचा नाही. इथं दवाखाना जवळ, म्हणून जावयानं तिला सुरुवातीलाच आमच्याकडे आणून सोडलं. मग काय, हे रोज पहाटे तळ्यावर! होडीवाल्याच्या टोपल्या उपसून सगळ्यात मोठा, बाकीचे मासे खाऊन खाऊन माजलेला मासा शोधायचे. "लहानांत असतं काय? नुसते काटे!" मी शिजवायची. पोर बोटं चाटून खायची, आणि हे स्वतःचं ताट विसरून तिच्याकडे बघत बसायचे.

निकाल घेऊन बाई स्वतः दुकानात आल्या.

"तुमच्या मुलीचा आकडा सगळ्यात जास्त आलाय," त्या म्हणाल्या.

पुढचं ऐकायला थांबतो कोण? "पहिला नंबर!" हे भर रस्त्यात ओरडत सुटले. "अगं, आपल्या पोरीचा पहिला नंबर आला!" समोरचा शिंपी टाळ्या वाजवत बाहेर आला. पैज हरलेला होडीवाला लटक्या रागानं ह्यांच्या पाठीत धपाटे घालत होता. मीही हसत होते. खोटं कशाला बोलू, आनंदानं माझे डोळे भरून आले होते.

बाई तेवढ्या हसत नव्हत्या. "काका, आधी आत येऊन बसा," त्या म्हणाल्या. "तो पारा आहे. विष आहे ते."

मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. वरच्या बंद पडलेल्या कारखान्याची घाण तळ्याच्या गाळात मुरली आहे. पारा लहान माशांत थोडा, आणि लहानांना खाणाऱ्या मोठ्यांत कितीतरी पट. शिजवून जात नाही, तळून जात नाही. आईच्या रक्तातून बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो.

"सासरहून घेऊन आली असेल हो," मी उगाचच म्हटलं.

"टोकाकडच्या केसांत जवळजवळ काहीच नाही. सगळा मुळाकडे आहे. गेल्या तीन-चार महिन्यांतला."

म्हणजे ती आमच्याकडे आल्यापासूनचा.

"मी घातला," हे म्हणाले. "निवडून निवडून घातला."

"शिजवला मी," मी म्हटलं.

लेकीनं पोटावर हात ठेवला. "बाळाला काही होईल?"

"आज नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "पण आजपासून बंद केलंत तर तो हळूहळू उतरतो. मानेवर कापलेत तिथले केस पुरेसे वाढले, की पुन्हा तपासू. किती उतरला ते तेव्हा कळेल."

त्या संध्याकाळी हे घरोघर हिंडले. पोटुशी बाई आहे त्या घरी आधी. "मोठा मासा बंद करा. मी गाढव, मी तुम्हाला उलटं सांगितलं." कोणी पाणी विचारलं, कोणी हसलं. होडीवाल्यानं तर दारच लावून घेतलं. हे त्याच्या बंद दाराबाहेर उभं राहून सगळं सांगून आले.

जन्मभर ह्यांनी लोकांचे वाढलेले केस कापले. केस वाढतात म्हणून तर आमची चूल पेटते. पण आता ते वाढता वाढत नाहीत. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी हे लेकीला खुर्चीत बसवतात, चष्मा लावतात, वेणी बाजूला करून मानेवर वाकतात.

"बाबा, कालच बघितलंत ना?"

"काल बघितले. आज वाढले असतील जरा."

"वाढलेत का?"

पोट मात्र दिसामासानं वाढतंय, ते कोणासाठी थांबत नाही. हे बराच वेळ वाकून बघत राहतात.

"वाढलेत," हे म्हणतात.