रिकाम्या काट्याचा अर्धा किलो

मी वजनकाटा बोलतोय. बाजारातला ऐटबाज काटा नव्हे. ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात, कमळाबाईंच्या पडवीत लाकडाला टांगलेला. ताटलीएवढं गोल तोंड, वर कडी, खाली हूक. काच तडकलेली. बनवणाऱ्याचं नाव गंजानं खाल्लं, त्यामुळे माझ्या कुळाबद्दल विचारू नका.

वजन करण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर तेही नीट येत नाही. हूकला काही नसतानाही माझी सुई अर्ध्या किलोवर उभी असते. काही न करता स्वतःला अर्धा किलो समजणारे लोक तुम्ही पाहिले असतील. मी त्यांच्यातलाच.

कमळाबाईंनी मला मोहफुलं तोलायला आणलं. माझी खोड कळली, तेव्हा घरात रीतच पडली : मी जे दाखवीन त्यातून अर्धा वजा. थोरला धनराज म्हणायचा, "अर्धा काट्याच्या घमंडीचा."

धनराज भद्रावतीच्या आयुध कारखान्यात नोकरीला होता. धाकट्या प्रफुलने आठवीत शाळा सोडली आणि शेत धरलं. डोकं असं की आधी हात चालायचा, मग विचार. मे महिन्यात धनराजचं लग्न झालं. बायको दिव्यानी भद्रावतीच्याच एका शाळेत शिकवायची. जून लागायच्या आत पडवीत, बरोबर माझ्याखाली, युरोपचा नकाशा अंथरला गेला.

"ऑगस्टच्या शेवटी निघायचं," धनराज म्हणाला. "तिकडचा उन्हाळा सरता सरता."

"उन्हाळ्यात?" प्रफुल उसळला. "आत्ता तं सत्तेचाळीस डिग्रीमधून निंगालो आपण. अजून भाजाचं राह्यलं का तुझं?"

"तिथला उन्हाळा म्हणजे आपली दिवाळी बे. स्वेटर लागते."

"उन्हाळ्यात स्वेटर? मंग हिवाळ्यात का गादी बांधून हिंडतेत का थे लोकं?"

दिव्यानीने नकाशावर बोट ठेवलं. "भाऊजी, हे व्हेनिस. पूर्ण गाव पाण्यात हाय."

"धरणात गेलं का?"

"नाई ओ, बांधलंच पाण्यात. नावेनं फिरतेत."

"थे पाहाले एवढ्या दूर? भादव्यात वैनगंगा दारात येते. मी दोघाले घमेल्यात बसवून फिरवतो."

कमळाबाईंची काळजी वेगळीच होती. "पोळा सोडून जाता का बापा? बैलाले का सांगू?"

"सांग, धनराज पॅरिसले गेला. झूल घेऊन येते."

हसले सगळे. पण आठ दिवसांत प्रफुलला पॅरिस, व्हिएन्ना, प्राग, व्हेनिस तोंडपाठ झालं. पानठेल्यावर तो असा सांगायचा, जसा काही रोज तिकडे दूध घालायला जातो.

बॅगेचं वजन माझ्यावर आलं. विमानात एका बॅगेला तेवीस किलोच चालतं. झालं! मोहफुलं तोलणारा मी, आता पॅरिसच्या बॅगा तोलू लागलो. गावातल्या इतर काट्यांकडे मी तुच्छतेने पाहू लागलो असतो, पण मला पडवीतून ते दिसत नव्हते.

दिव्यानी बॅग भरायला आधीच गावी आली होती. कमळाबाई लाडू कोंबायच्या, दिव्यानी काढायची. दर वेळी बॅग माझ्या हूकला.

निघायला सहा दिवस होते. पाऊस लागून होता. प्रफुलने बॅग टांगली. मी दाखवलं, साडेतेवीस. त्याने लगेच फोन लावला.

"दादा, साडेतेवीस भरून राह्यली! विमानवाले बाहेर फेकतीन. तू ये. आत्ताच ये."

धनराज मोटारसायकलवर निघाला. चिमूरच्या पुढे ओल्या रस्त्यावर गाडी घसरली. धनराज घरी पोचलाच नाही.

इथे माझ्याजवळ विनोद नाही.

पोळ्याला त्या घरचे बैल गोठ्यातच राहिले. बॅग प्रफुलच्या खाटेखाली गेली. रोज सकाळी तो ती काढायचा, मला अडकवायचा, सुई पाहायचा. साडेतेवीस. म्हणजे कोणी उघडली नाही. मग पुन्हा खाटेखाली. तो कोणाशी बोलत नव्हता. मला मात्र वाटायचं, या घरात सध्या सगळ्यात महत्त्वाचा मीच.

दिवाळी झाली. धान कापणीला आलं. दिव्यानी एकदा पडवीत येऊन उभी राहिली.

"भाऊजी, माहे कपडे हायेत त्यात. सोमवारी मले शाळेत रुजू व्हायचं हाय."

"हात नाई लावाचा. दादानं भरली थे."

"अर्धी मी भरली."

"मले सांगू नका!" तो इतक्या जोरात ओरडला की कोंबड्या अंगणाबाहेर पळाल्या. दिव्यानी आत गेली.

दुसऱ्या दिवशी कमळाबाईंनी शेजारच्या इतवारीकाकांसाठी तांदूळ तोलले. मी साडेपाच दाखवलं. इतक्या वर्षांच्या सवयीने त्या बोलून गेल्या, "पाच झाले. अर्धा काट्याचा."

प्रफुल उंबऱ्यावर बसला होता. त्याचे ओठ हलताना मी पाहिले. साडेतेवीस. अर्धा वजा. तेवीस.

बरोबर तेवीस. बॅग जड नव्हतीच. घाईत तो अर्धा किलो वजा करायला विसरला होता.

त्याने मला ओढून काढलं आणि घरामागच्या उकिरड्यावर फेकलं. उगाच फेकलं असं मी म्हणणार नाही. शेणात तोंड खुपसून मी पडून होतो आणि तिथेही अर्धा किलोच दाखवत होतो.

मला उचललं दिव्यानीने. धुतलं, पदराने पुसलं आणि प्रफुलसमोर धरलं.

"बॅग तेवीसच हाय, थे मले त्याच दिवशी मालूम होतं," ती म्हणाली.

"मंग दादाले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं. तुमच्या मागून मीही फोन केला. म्हटलं, अर्धा वजा करा, बरोबर हाय बॅग, पावसात येऊ नका. थे हासले. म्हणाले, मले का मालूम नाई? बॅग पाहाले नाई येऊन राह्यलो. पंधरा दिवस प्रफुल दिसणार नाई, म्हणून येतो."

प्रफुल म्हणाला, "दोन महिने झाले, वैनी. आता सांगता?"

"दोन महिने तुमी बॅगेशी बोलून राह्यले. माह्याशी कधी बोलले?"

त्याने खाटेखालून बॅग ओढली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. "उघडा," म्हणाला.

वर धनराजचं नवं स्वेटर होतं, किमतीची चिठ्ठीही न काढलेलं. खाली तिचे कपडे. आणि धनराजच्या प्रत्येक मोज्यात एक एक मोहफुलाचा लाडू, बुरशी आलेला. मी ती बॅग साठ-सत्तर वेळा तोलली, पण मला त्याचा पत्ता नव्हता. अशी माझी हुशारी.

"मायनं मोजेही नाई सोडले!" प्रफुल हसला, आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. कमळाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "उपाशी राहाचा का तिथी?" आणि त्यांनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

रविवारी दिव्यानी निघाली. स्वेटर प्रफुलच्या अंगात होतं. मला पुन्हा पडवीत अडकवून त्याने तिची बॅग टांगली.

"अकरा," तो म्हणाला.

"म्हणजे साडेदहा," ती म्हणाली.

तो तिला एसटीपर्यंत सोडून आला. तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो आणि प्रफुल बोलतो.

परवा इतवारीकाका मला पाहून म्हणाले, "अरे, ब्रह्मपुरीले ने हा काटा. दोन मिनिटात सुई शून्यावर आणून देते."

"राहू द्या, काका," प्रफुल म्हणाला.

आता माझ्यावर मोहफुलं येतील ती चैतात. तोवर मी रिकामा लटकतो. शेतावर जाताना प्रफुल माझ्याखाली थांबतो. हूकला काही नसतं. तो सुईकडे पाहतो, मी अर्धा किलो दाखवतो, तो दादासारखंच "अर्धा काट्याच्या घमंडीचा" म्हणतो आणि निघून जातो.

तेव्हा बाबांनो, सुई नीट करणारा पेचकस माझ्यापासून दूर ठेवा. आयुष्यभर खोटं बोललो, त्याची शिक्षा मला मान्य आहे. पण सकाळचं हे एक खोटं मला बोलू द्या.