दुसऱ्याची हाजिरी

माझी नात मेघा हिचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. त्या लग्नात आम्ही पलटणीतले तिघं एकाच पंगतीत बसलो होतो. सुभेदार वसंतराव, धम्मानंद आणि मी. धम्मानंदनं दोनदा बुंदी मागून घेतली आणि म्हणाला, "कवडू, तुह्या हातची डाळ असती तं पुन्हा पंगतीत बसलो असतो." मी पलटणीत स्वयंपाकी होतो. बावीस वर्षं डाळ ढवळली.

आता आम्ही सगळे मनीषनगरच्या आसपास राहतो. सकाळी साडेसहाला बगिच्यात माजी सैनिक जमतात, चौदा-पंधरा जण. गुडघे, शुगर, सुनांच्या गोष्टी. पण आधी गिनती. वसंतराव एकेक नाव घेतात, ज्यानं त्यानं "हाजिर साहब" म्हणायचं. ही हौस नाही. दोन वर्षांमागं आमचा धोंडबा बंद घरात तीन दिवस मरून पडला होता आणि आम्ही म्हणत होतो, नरखेडकडे गावी गेला असेल, संत्र्याचा तोडा चालू आहे. तेव्हापासून नियम केला. हाजिरी आली नाही की दोघांनी लगेच त्याच्या घरी जायचं.

धम्मानंद एकटा राहायचा. बायको गेलेली, मुलगा अश्विन पुण्याला. दिवाळीनंतर त्याला सकाळी उशीर होऊ लागला. एकदा नियमाप्रमाणे दोघं गेले, दार बडवलं, सगळी इमारत गोळा झाली. कोणीतरी अश्विनला फोन केला. अश्विन म्हणाला, बाबा, पुन्हा असं झालं तर सरळ पुण्याला घेऊन जाईन.

"तिथं बाराव्या मजल्यावर मी काय करू गा?" धम्मानंद मला म्हणाला. "लिफ्टमध्ये कोणी जय भीमले जय भीम म्हणत नाही."

"मंग लवकर उठत जा."

"पहाटेच डोळा लागते. तू आहेस ना? देत जा माही हाजिरी. पहिल्यांदा देऊन राहिला का?"

पहिल्यांदा नव्हती. पलटणीत संध्याकाळच्या गिनतीला धम्मानंद स्टोअरमागं बसून कोणाकोणाची घरची पत्रं लिहीत असायचा आणि वेळ विसरायचा. वसंतराव तेव्हा हवालदार होते. त्याचं नाव आलं की मी मागच्या रांगेतून आवाज बदलून "हाजिर साहब" म्हणायचो. मला तेव्हा अंगठ्याशिवाय काही येत नव्हतं. आमचा सौदा ठरला, एका हाजिरीला एक अक्षर. परातीत कोरडं पीठ पसरून तो बोट धरून गिरवून घ्यायचा. एकट्या 'ळ'ला तीन हाजिऱ्या लागल्या. चोविसाव्या वर्षी मी घरी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं.

म्हणून डिसेंबरभर मी त्याची हाजिरी दिली. तो सातपर्यंत यायचा, वसंतरावांना कडक सलाम ठोकायचा आणि मला चहा पाजायचा.

सोळा जानेवारीला थंडी फार होती. त्याचं नाव आलं, मी हाजिरी दिली, वसंतराव पुढच्या नावाकडे गेले. साडेसात झाले, तो आला नाही. मला वाटलं, झोपला असेल, झोपू दे. घरी आलो. माझ्या बायकोनं, तुळसाबाईनं विचारलं, "धम्माभाऊ आले होते का?" मी "हाव" म्हणालो. घरातही त्याची हाजिरी दिली.

नऊनंतर मला घरात बसवेना. दार बडवल्याच्या त्या दिवसापासून त्याच्या दाराची एक किल्ली माझ्याकडे असायची.

तो बाथरूमच्या दाराशी पडला होता. तोंड एकीकडे ओढलेलं, उजवा हात निकामी.

"कधी पडला गा?"

"नळ... आला तेव्हा."

नळ सहाला येतो. मी ॲम्ब्युलन्सला आणि अश्विनला फोन केला, त्याच्या अंगावर रजई टाकली, डोकं मांडीवर घेतलं.

"गिनती?" त्यानं विचारलं.

"झाली."

"माही?"

मी रजई त्याच्या खांद्यापर्यंत ओढली. त्याला कळलं. त्यानं डावा हात माझ्या हातावर ठेवला. हात फरशीसारखा गार होता.

अश्विन संध्याकाळी दवाखान्यात पोचला. म्हणाला, "काका, डॉक्टर विचारतात, त्रास कधी सुरू झाला. वसंतकाका तर म्हणतात, साडेसहाला बाबांची हाजिरी होती."

"नव्हती, बेटा. त्याची मी दिली होती. तो सहालेच पडला होता."

अश्विन बाकावर बसून राहिला. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बगिच्यात मी वसंतरावांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ते खाली बघत होते.

"मले माहीत होतं गा," ते म्हणाले. "पलटणीतही माहीत होतं. तुहा आवाज फुटका, त्याचा गोल. चाळीस वर्षं ओळखतो."

"मंग साहेब, काहून काही बोलले नाही?"

"तिथं तो स्टोअरमागं आहे, हे मले ठाऊक राहे." त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. "इथं मले वाटलं, तो कुठं आहे ते तुले ठाऊक असन."

इतर लोक रांगेत उभे होते. वसंतरावांनी वही उघडली आणि नावं घेतली. धम्मानंदचं नाव आलं तेव्हा मी तोंड मिटून ठेवलं. नियमाप्रमाणे दोघांनी जायचं होतं. गिनती संपल्यावर वसंतराव आणि मी दवाखान्यात गेलो. शनिवारी पुन्हा गेलो. तो डोळे उघडत नव्हता.

माजी नाईक धम्मानंद गोपाळराव रामटेके रविवारी, एकोणीस जानेवारी दोन हजार पंचवीसला सकाळी वारला.