हात आईचे, नाक मावशीचं

तू आधी मध्ये मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. आपली पाटीवाली आठवतेय ना? अगं, राष्ट्रीय कलासंग्रहालयात लागलीये ती! चित्राखाली पांढरी पाटी असते ना, चित्र कोणाचं, काढलं कोणी, कधी, त्या पाट्या लिहिते. म्हणून तर पाटीवाली.

तर तिच्या मॅडमनी एक नवीन दालन काढलंय. जुनी व्यक्तिचित्रं आणि आत्ताची, जोडीजोडीने लावायची. एका जोडीत जुनी राणी आणि तिच्या शेजारी आपल्याच काळातली कोणीतरी बाई. दोघी खुर्चीत बसलेल्या, दोघींचे हात मांडीवर. बाईचं चित्र नुकतंच आलेलं. चित्रकार वारला, पुतण्यांनी देऊन टाकलं. बाई कोण, कोणाला पत्ता नाही. मॅडम म्हणाल्या, "अनामिक स्त्री, असं लिही आणि मोकळी हो."

आता गंमत बघ. चित्राचं प्लॅस्टिक खालून वर सोडवत होते. आधी शाल दिसली, निळी. मग हात. आणि पाटीवाली एकदम खाली वाकली. डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी! लहानपणी दारात चेंगरलेली. हीच करंगळी तिने जन्मभर पाहिलेली, वेणी घालताना, कान पिळताना.

"मॅडम, ही माझी आई आहे!"

अजून चेहरा उघडलाही नव्हता, बरं का! उघडल्यावर नाक जरा वेगळं वाटलं, पण आईचं तरुणपण कोणी पाहिलंय? तिने तिथूनच फोन लावला. तर आई म्हणते, "ते चित्र आहे अजून? माहेरी आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा तो चित्रकार. बसून बसून मान धरायची माझी. पुरं झाल्यावर दाखवलं मात्र नाही मेल्याने."

झालं! मॅडम खूश, अनामिक बाईला नाव मिळालं. पाटी छापली. आणि आईचं तर विचारू नकोस. घराच्या दारावर बाबांचं नाव, दुकानावर आजोबांचं. हिचं नाव लग्नपत्रिकेनंतर कुठे छापलंच नव्हतं! सगळ्या बिल्डिंगला सांगून झालं, नवीन चपला आल्या, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बघायला आली ती थोरल्या बहिणीला घेऊन. म्हणजे मावशीला.

मावशी चित्रासमोर उभी राहिली आणि खो खो हसायला लागली. "अगं, हे माझं नाक आहे!"

"तुझं कसं?" आईचा चेहरा खर्रकन उतरला. "मी बसले होते."

"तू बसलीस मी गेल्यावर! आधी मीच बसत होते. मग नोकरी लागली, परगावी गेले, तर त्याने तुला धरलं."

"ते माहितीये मला. पण तो मला म्हणाला, बहिणीचं पुसून टाकलंय, आता तुझं काढतो."

"पुसलंय कुठे? ही बघ हनुवटी. ही काय तुझी आहे?"

पाटीवाली कधी हनुवटीकडे बघतेय, कधी करंगळीकडे. तिने मॅडमना बोलावलं. मॅडम अगदी शांत. म्हणाल्या, "व्यक्तिचित्रात चेहरा ज्याचा, नाव त्याचं. ही राणी बघा. ती चेहऱ्यापुरतीच बसली. तेवढा वेळ कुठला राणीला? बाकी तिचे कपडे घालून दुसरीच कोणीतरी बसली. ते हात कोणाचे, कोणालाच ठाऊक नाही. पाटीवर राणीच."

आणि ती पाटी पाटीवालीनेच लिहिलेली, बरं का! लिहिताना काही वाटलं नव्हतं.

आई नुसती मान हलवत होती. "बरोबर आहे, बरोबर आहे," म्हणत होती. नव्या चपलांकडे बघत.

तेवढ्यात मावशीने चष्मा लावला आणि पुढे सरकली. हसणं थांबलं तिचं. "थांब गं. नाक माझं आहे, पण नजर माझी नाही. मी कोणाकडे असं बघितलंच नाही कधी."

मॅडमनी टॉर्च तिरका धरला. तर काय, डोळ्यांपाशी रंगाचा थर जाड! तिथे नंतर पुन्हा रंगवलेलं.

आई अगदी हळू म्हणाली, "त्याच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. तुझी गाडी गेली ना, तोच. तो ओरडायचा, इकडे बघ, इकडे बघ. माझं लक्षच नसायचं."

मावशीने पर्समध्ये रुमाल शोधला, मिळाला नाही, मग पदरानेच काम भागवलं. म्हणाली, "हिचंच नाव लावा."

आता आई हटून बसली! "नको. लोकांना तुझा चेहरा दिसणार. बिल्डिंगमधले उद्या तोंडावर म्हणतील, ही कुठे तू?"

"मग दोघींची लावू!" पाटीवाली म्हणाली.

"खुर्चीत एक बाई आणि पाटीवर दोन नावं?" मॅडम म्हणाल्या. "लोक दुसरीला खुर्चीखाली शोधतील. पुन्हा अनामिक करायचं तर तसं सांग. तू ओळखलंस, तूच ठरव. आज दालन बंद होण्याआधी पाटी लागली पाहिजे." आणि गेल्या निघून.

आई आणि मावशी बाकावर बसल्या, एकमेकींचा हात धरून, आणि दोघी तिच्याकडे बघतायत. मावशी खुणेने सांगतेय, आईचं लाव. आई खुणेने सांगतेय, मावशीचं. पण पाटीवालीला दिसतंय ना, आईची दुसऱ्या हाताची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करतायत, अगदी चित्रात शालीशी करतायत तशीच. पाठीला चिकटपट्टी लावलेली आईच्या नावाची पाटी तिच्या हातात. वरचा कागद अर्धा सोललेला. मावशीची पाटी छापायला पाच मिनिटं पुरे. आधी केलेली अनामिकवाली तर खिशातच होती.

तिचं डोकं पार भंजाळलं. मला सांगतानाही अजून भंजाळलेलंच होतं.

सांग ना, तू असतीस तर कुठली चिकटवली असतीस?