उरलेल्याचं वजन

आमच्या कॉलनीत कचऱ्याचं वजन करतात. हसू नका, खरंच करतात, आणि हल्ली ते मीच करते. ओला कचरा मागच्या खड्ड्यात जातो, त्याचं खत होतं. सुका भंगारवाल्याकडे जातो. आणि ज्याचं काहीच होत नाही, ना खत ना भंगार, तो तिसऱ्या डब्यात. त्या डब्याला आम्ही ‘उरलेला’ म्हणतो. दर रविवारी सकाळी प्रत्येक घराचा उरलेला सायकल स्टँडमधल्या काट्याला टांगला जातो आणि आकडा फाटकाजवळच्या फळ्यावर लागतो. कमी भरला तर हिरव्या खडूने, जास्त भरला तर लाल.

ही सगळी डोकॅलिटी मुख्याध्यापिका बाईंची. बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा काही बाईंमधून गेली नाही. फळासुद्धा शाळेतून मोडीत निघालेला, तोच घासूनपुसून आणला.

उगाच खोटं कशाला बोलू, योजना चांगली चालली. आधी कॉलनीच्या कोपऱ्यावर उकिरडा होता आणि त्याला लागून माझं पार्लर. बायका फेशियल करून घेताना नाकाला रुमाल लावायच्या. बाईंनी वर्षभरात तो उकिरडा उठवला, तिथे वांगी-टोमॅटोचे वाफे केले. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होते.

मग आईच्या कमरेखालचं अंग गेलं.

घरात आम्ही दोघीच. आई खिडकीजवळच्या पलंगावर, मी पार्लर आणि घर यांच्यामध्ये पळत. तिला डायपर लावावे लागायचे. कोरडा डायपर हातात घेतला तर लागतही नाही, पण भिजला की दगड. आठवडाभराचे दगड काट्यावर चढायचे आणि आमच्या नावापुढे लाल आकडा लागायचा, कॉलनीत सगळ्यांत मोठा. लोक फळा वाचायचे आणि माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचे. माझी आई चारचौघांत पदराआड शिंकणारी बाई. तिचं काय झालं असेल, कल्पना करा.

मी बाईंकडे गेले. म्हटलं, आजारी माणसाचं तेवढं वजन सोडून द्या. बाईंनी मला बसवलं, चहा दिला आणि चष्मा पुसत म्हणाल्या, “नियम म्हणजे नियम. आज तुला सूट दिली, तर उद्या प्रत्येकाच्या घरात आजारी माणूस निघेल.”

मी चहा तसाच ठेवून उठले.

पुढच्या काही आठवड्यांत आमचा आकडा उतरायला लागला. मला वाटलं, डायपर चांगल्या कंपनीचे मिळाले. आईचा पाण्याचा पेला रोज रिकामा असायचा, मी भरून ठेवायचे, परत आले की रिकामा. ती ते पाणी खिडकीतून खाली ओतत होती, हे मला हॉस्पिटलात कळलं. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही, किडन्या बसल्यात. मी आईला विचारलं, असं का केलंस? तिची जीभ टाळूला चिकटत होती. म्हणाली, “खिडकीतून फळा दिसतो गं. तुझं नाव लाल दिसायचं.”

त्याच आठवड्यात ती गेली.

रविवारी मी डबा घेऊन खाली उतरले. का उतरले, मलाच माहीत नाही, हातापायांना सवय होती म्हणून. डब्यात काय असणार, हॉस्पिटलातल्या चार पिशव्या आणि औषधांची वेष्टनं. बाईंनी हिरवा खडू उचलला, आकडा लिहिला आणि सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “बघ, जमतं की नाही मनावर घेतलं की.”

आई गेली हे बाईंना ठाऊक होतं. आईचा आणि डब्याचा संबंध त्यांच्या डोक्यातच आला नाही. त्याने माझा राग कमी व्हायला हवा होता, असं कुणी म्हणेल. नाही झाला. तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच राहिली.

बाईंचे यजमान, काका, तेवढे संध्याकाळी घरी आले. हे काका म्हणजे बाईंच्या अगदी उलट. आईला शब्दकोडी आणून द्यायचे आणि मुद्दाम चुकीची उत्तरं सांगून तिच्याकडून बोलणी खायचे. त्यांना मी सगळं सांगितलं, पाण्याचं, खिडकीचं, फळ्याचं. त्यांनी विचारलं, तिला सांगू का? मी म्हटलं, नको, तुमच्या बायकोचं मी बघून घेईन. त्यांनी मान हलवली. शब्द पाळला त्यांनी.

मी डूख धरला. तोवर दर रविवारी वजन करायला काट्यापाशी उभे राहायचे ते आमच्या कॉलनीतले डेंटिस्ट. ते कंबर धरून बसले, तशी मी हात वर केला. लोक म्हणाले, एवढं दुःख गिळून समाजकार्य करते बिचारी. समाजकार्य कसलं बोडक्याचं! मला बाईंच्या घराचा डबा माझ्या हातात हवा होता. कधी ना कधी सापडतीलच, म्हटलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मी तर अजून जळतच होते.

आणि सापडल्या. काका बाथरूममध्ये पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळले. औषधाच्या दुकानातला माणूस डायपरची मोठी पाकिटं घेऊन त्यांच्या जिन्याने चढताना मी पार्लरच्या काचेतून पाहिला. हातात कुणाची तरी भुवई होती, ती अर्धी सोडून मी बघत बसले. काकांचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त दुसरंच वाटलं. घराघरात आजारी माणूस निघेल म्हणाली होतीस ना बाई, घे, निघाला तुझ्याच घरात.

त्या रविवारी बाईंचा डबा मी काट्याच्या हुकाला अडकवला आणि काटा सर्रकन खाली आला. मी लाल खडू उचलला. सावकाश लिहिलं, एकेक आकडा घोटून. बाईंची मान ताठ होती, पण कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

पण पुढच्या रविवारी डबा हलका. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी हलका. मला वाटलं, बाई लबाडी करतायत, पिशवीत घालून बाहेर कुठेतरी टाकून येतायत. करा म्हटलं, चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. सगळे पांगल्यावर मी रबरी हातमोजे चढवले आणि त्यांचा डबा उघडला. डायपर होते, सगळे होते, नीट गुंडाळून ठेवलेले. मी एक उचलला. हाताला लागलाच नाही.

मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. मी तिथेच सायकलींच्या मध्ये बसले.

आता खरं सांगते. पहिला विचार मदतीचा आला नाही. पहिला विचार आला, गप्प बस. तू फक्त गप्प बस आणि हिरवा खडू उचलत राहा, बाकीचं आपोआप होईल, आणि त्या बाईला तेच मिळेल जे तुला मिळालं. याहून चोख फेड कुठली? मी उठले, फळ्यावर हिरव्याने आकडा लिहिला. बाई भाजी घेऊन फाटकातून आत येत होत्या. मी म्हटलं, “बघा, जमतं की नाही मनावर घेतलं की.”

बाई हसल्या. थँक्यू म्हणाल्या. स्वतःचं वाक्यसुद्धा त्यांना आठवलं नाही, आणि घरात काय चाललंय याचा पत्ताही नव्हता. माझा बाण जाऊन भिंतीवर आपटला. तो राग वेगळाच होता, रडवणारा.

दोन दिवस मी पार्लरमध्ये कात्र्या-कंगवे आपटत काढले. तिसऱ्या दिवशी कात्री आणि टॉवेल पिशवीत टाकले आणि काकांचे केस कापायच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेले. मला फक्त बघायचं होतं. बाई स्वयंपाकघरात होत्या, जा आत म्हणाल्या.

दिवसभर चेहरे हाताळते मी. चेहरा मला फसवत नाही. ओठांना भेगा, डोळे आत गेलेले, हातावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. उशाला पेला, रिकामा. पलंगाच्या पलीकडची फरशी ओली. मी टॉवेल त्यांच्या मानेभोवती गुंडाळला. कात्री चालवत मनात म्हणत होते, केस काप आणि चालती हो. तू काही पाहिलं नाहीस.

काकांनीच हळू आवाजात सुरुवात केली. त्या पहिल्या रविवारी ती घरी येऊन रडली म्हणाले, दार लावून. आयुष्यभर तिने फळ्यावर दुसऱ्यांची नावं लिहिली, आता तिचं लागलं. मग माझं मनगट धरलं. त्यांची बोटं कोरडी, कागदासारखी.

“पोरी,” म्हणाले, “तुझ्या आईने कसं काढलं गं? तहान लागली की ती काय करायची?”

मला ते माहीत नव्हतं. माझी आई खिडकीशी पडून फळ्याकडे बघत तहान लागल्यावर काय करायची, हे मला आजही माहीत नाही. मी कात्री उशाशी टाकली. मी स्वयंपाकघरात गेले, बाईंना बाजूला सारलं, तांब्या भरून घेतला आणि काकांचं डोकं मांडीवर घेऊन घोटघोट पाजायला लागले. ते नको नको करत होते आणि पीत होते. दोन्ही एकदम. पाणी त्यांच्या गळ्यावर, कापलेल्या केसांवर, माझ्या कपड्यांवर सांडत होतं.

बाई दारात येऊन विचारायला लागल्या, काय चाललंय हे, काय झालं. मी तांब्या खाली न ठेवताच सांगितलं, “हे पाणी पीत नाहीत, तुमचा आकडा हिरवा राहावा म्हणून. माझी आई अशीच मेली. तुमच्या फळ्यासाठी.”

बाई भिंतीला टेकल्या. मला वाटलं होतं त्या वाद घालतील, नियम सांगतील. घालायला हवा होता. त्या हळूहळू खाली बसल्या आणि हिशेब जुळवल्यासारखं पुटपुटल्या, “मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता.”

“हो,” म्हटलं मी. बस, तेवढंच.

काका दवाखान्यात सलाइन लावून आले, वाचले. रविवारी मी बाईंचा डबा टांगला, काटा खाली गेला आणि मी लाल खडू हातात घेतला. आणि तेवढ्यात काय व्हावं? सगळ्यांना माणुसकीचा पान्हा फुटला. डेंटिस्ट म्हणाले, आजारी माणसाचं वजन सोडून द्यायला हवं. दुसरे म्हणाले, बरोबर आहे, माणुसकी म्हणून काही आहे की नाही. माझ्या आईच्या वेळी हीच सगळी तोंडं इथे होती, शिवलेली. मी त्या प्रत्येक तोंडाकडे बघत राहिले.

मग बाई बोलल्या. “हिच्या आईला मी सूट दिली नव्हती. लिही तू.”

मी लिहिलं. फळ्यावर मावेल तेवढं मोठं.

पुढे नियम बदलला. आजारी माणसाचं वजन आता कुणाच्याच आकड्यात धरत नाहीत. बाईंनी स्वतःच्या घरचं तेवढं धरायला लावलंय आणि मी ते दर रविवारी लाल खडूने लिहिते. लोक म्हणतात, आता पुरे की गं, माफ कर. मी नाही केलेलं. करणारही नाही. पण एक सांगते, कॉलनीतला तो एकच आकडा आहे जो मोठा भरावा म्हणून मी श्वास धरून उभी असते. ज्या रविवारी काटा कमी दाखवतो, त्या रविवारी मी बाकीचे डबे तसेच सोडून बाईंच्या घरी जाते आणि काकांना माझ्यादेखत पाणी पाजते, पेल्यावर पेला, ते कंटाळून मला शिव्या देईपर्यंत. बाई तेवढा वेळ खोलीच्या दारात उभ्या राहतात. घर त्यांचं आहे, खुर्ची समोरच असते. मी त्यांना बसा म्हणत नाही, आणि त्याही बसत नाहीत.